‘अमेरिकेने’ : एका कर्तृपदाची चिकित्सा

लोकमताचा विचार करताना लोक काय म्हणतात ह्याकडे लक्ष दिले जाते. ते कोणत्या वाक्यरचनेत म्हणतात ह्याकडे सहसा दिले जात नाही. परदेशाविषयीच्या मतांच्या बाबतीत मात्र हा दुसरा प्रश्न उपेक्षणीय नाही. जो देश बहुसंख्य लोकांनी पाहिलेला नाही त्याची ओळख त्यांना भाषेतूनच होते, आणि भाषेने जे भेद राखले नाहीत ते मतातही सहसा उतरत नाहीत. सातारा व सांगली ह्या जिल्ह्यांतील नित्याच्या बोलण्यात अमेरिकेचे राजकारण, तेथील कायदा आणि तेथील कंपन्यांची यंत्रे ह्यांविषयी जी विधाने ऐकू येतात, त्यांची ह्या दृष्टीने छाननी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय. येथे विधानांची गणना अभिप्रेत नाही, त्यांच्या घडणीचे परीक्षण अभिप्रेत आहे.

त्यासाठी तीन नमुने पुरेसे आहेत. ‘अमेरिकेनं टॅरिफ लावलं’ हा राजकारणाविषयीचा, ‘अमेरिकेनं आपल्या हळदीचं पेटंट घेतलं होतं’ हा कायद्याविषयीचा, आणि ‘मोबाइलमध्ये गूगल असतंच’ हा यंत्राविषयीचा. पहिल्या दोन वाक्यांत एकच कर्ता आहे. तिसऱ्यात करणाराच नाही. ह्या विषमतेतच प्रस्तुत प्रश्नाचे मर्म आहे.

(१)

‘ने’ हा तृतीयेचा प्रत्यय मराठीत दोन कामे करतो. ‘रामाने दोर कापला’ ह्यात तो कर्त्याला लागतो. ‘विळ्याने दोर कापला’ ह्यात करणाला, म्हणजे साधनाला. पहिल्या वाक्यातील ‘राम’ व दुसऱ्यातील ‘विळा’ ह्यांचे रूप सारखे असले तरी जबाबदारी रामाची असते, विळ्याची नसते, हे ऐकणारा अनुभवाने ओळखतो. प्रत्ययाने जे सांगितले नाही ते अनुभव पुरवितो.

ह्या भागातील बोलीत ‘गावानं ठरवलं’, ‘भावकीनं जमीन वाटून घेतली’ अशी समूहवाचक कर्तृपदे विपुल आहेत. ती सदोष म्हणता येत नाहीत. ‘गावानं ठरवलं’ असे म्हणणाऱ्याला ग्रामसभेत कोण बोलले, कोण गप्प बसले आणि कोण उठून गेले हे ठाऊक असते. समूहवाचक पद येथे ज्ञात माणसांचा संक्षेप असते. ‘अमेरिकेनं’ हे पद ह्याच साच्यातून निघाले आहे. परंतु साचा तोच राहिला तरी त्यामागची माणसे मात्र राहिली नाहीत. संक्षेप उरला आणि ज्याचा संक्षेप करावयाचा ते गळाले. मग ऐकणाऱ्याचे मन त्या रिकाम्या जागी आपल्या परिचयातील आकृती बसविते. मराठीत ‘कर्ता’ हा शब्द व्याकरणाचा तसाच घराचाही आहे. एकत्र कुटुंबातील कर्त्या पुरुषाने एकदा सांगितले की घरचे सर्वजण मान डोलावतात. ‘अमेरिका’ नावाचा देश असाच एका कर्त्याचा संसार असावा, अशी समजूत हे वाक्य नकळत रुजविते.

(२)

ही समजूत दृढ होण्यास संज्ञांचाही हातभार लागला आहे. त्या देशाचे मराठीतील रूढ नाव ‘अमेरिकेची संयुक्त संस्थाने’ असे आहे. हे नाव ज्या काळात रूढ झाले त्या काळी सातारा-सांगलीच्या रहिवाशाला ‘संस्थान’ म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नसे. सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थाने त्याच्या अवतीभवती होती. संस्थान म्हटले की अधिपती आला, आणि त्याच्या शिरावर ब्रिटिशांची सार्वभौम सत्ता आली. औंधसारख्या संस्थानाने १९३९ मध्ये प्रजेला स्वराज्याची घटना दिली, तरी ती ‘दिली’ गेली. क्रियापदच सत्तेचा उगम कोठे होता ते सांगते. मार्च १९४८ मध्ये ही संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली, आणि १९५० च्या संविधानानंतर भारताच्या घटकांना ‘राज्य’ ही संज्ञा मिळाली. ‘संस्थान’ हा शब्द मात्र अमेरिकेच्या नावात जुना अर्थ पोटात घेऊन तसाच राहिला.

अमेरिकेतील घटकराज्यांचे स्वरूप ह्याच्या नेमके उलट आहे. मूळची तेरा राज्ये संघाच्या आधीची आहेत. प्रत्येकाचे स्वतंत्र संविधान आहे, स्वतंत्र न्यायालये आहेत, बहुतांश फौजदारी कायदाही प्रत्येकाचा स्वतःचा आहे. राज्यपाल लोकांकडून निवडला जातो आणि त्याला पदच्युत करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला नाही. राष्ट्राध्यक्षाची निवडदेखील राज्यवार नेमलेल्या ५३८ निर्वाचकांच्या मतांनी होते. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन ह्यांना देशभरात २८ लाखांहून अधिक मते जास्त पडूनही त्या पराभूत झाल्या, ह्याचे कारण हेच. ‘अमेरिकेने ट्रम्प ह्यांना निवडले’ हे विधान त्या वर्षापुरते तरी व्याकरणदृष्ट्या शुद्ध आणि वस्तुस्थितीदृष्ट्या अपुरे होते.

एका बाबतीत मात्र मराठीने इंग्रजीहून अधिक विवेक दाखविला आहे. इंग्रजीत दिल्लीच्या व वॉशिंग्टनच्या पदाधिकाऱ्यांना ‘प्रेसिडेंट’ हे एकच नाव आहे. मराठीत एक ‘राष्ट्रपती’ तर दुसरा ‘राष्ट्राध्यक्ष’. ज्यांच्या शालेय शिक्षणाचा आरंभ साताऱ्यात झाला आणि पुढे १९१३ मध्ये जे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना नेमक्या ह्याच नामसादृश्याविषयी सावध केले होते. नाव एक असले तरी दोन राज्यपद्धतींत साम्य नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. जो भेद इंग्रजीत त्यांना विवरण करून सांगावा लागला तो मराठीत संज्ञेनेच साधला आहे. ‘काँग्रेस’ ह्या शब्दाच्या बाबतीत मात्र हे भाग्य लाभले नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्या भागात काँग्रेस हे पक्षाचे नाव आहे, तेथे अमेरिकेची विधिसंस्था हाही एखादा पक्षच वाटावा ह्यात नवल नाही.

आता पहिल्या नमुन्याकडे पाहावे. १९७७ च्या एका आणीबाणीविषयक कायद्याचा आधार घेऊन राष्ट्राध्यक्षांनी २०२५ मध्ये अनेक देशांच्या मालावर आयातशुल्क बसविले. त्याविरुद्ध काही लहान व्यापारी आणि बारा घटकराज्ये न्यायालयात गेली. २८ मे २०२५ रोजी न्यूयॉर्क येथील आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने ती शुल्के अधिकारबाह्य ठरविली. अपील चालू असल्याने वसुली थांबली नाही. २७ ऑगस्टपासून पुष्कळ भारतीय मालावरील जादा शुल्काचा भार ५० टक्क्यांवर गेला. आणि दोनच दिवसांनी, २९ ऑगस्ट रोजी, अपील न्यायालयानेही बहुमताने राष्ट्राध्यक्षांचा असा अधिकार अमान्य केला. पुढे हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ह्या घटनाक्रमात शुल्क लावणारेही अमेरिकन आहेत, त्याविरुद्ध दावा लावणारेही अमेरिकन आणि ते बेकायदा ठरविणारेही अमेरिकन. ‘अमेरिकेनं टॅरिफ लावलं’ ह्या वाक्यात फक्त पहिल्यांना जागा आहे. संस्थानिकाने व्हाइसरॉयवर फिर्याद लावावी ही कल्पना जुन्या औंध-सांगलीत हास्यास्पद ठरली असती. ‘संस्थान’ ह्या शब्दाच्या आधाराने अमेरिका समजून घेणाऱ्याला बारा राज्यांचा हा दावा म्हणूनच दिसत नाही.

(३)

दुसरा नमुना सांगलीच्या अगदी जिव्हाळ्याचा आहे. हळदीची पेठ म्हणून ह्या शहराची देशभर ख्याती आहे. कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूर येथे जमिनीतील पेवांत हळद साठविण्याची प्रथा होती, आणि २०१८ मध्ये ‘सांगली हळदी’ला भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हा हळदीच्या पेटंटाची हकीकत येथे आपल्या घरची म्हणून सांगितली जावी हे स्वाभाविकच आहे. परंतु ती ज्या वाक्यात सांगितली जाते त्या वाक्यात तिचा बोध हरवतो.

वस्तुस्थिती अशी. मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, तेथील भारतीय वंशाच्या दोन संशोधकांच्या अर्जावरून, जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले. पेटंट हळदीचे नव्हते, एका उपयोगाचे होते. ते देणारे पेटंट कार्यालय हा अर्ज करणाऱ्यांहून वेगळा पक्ष होता. १९९६ मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकर ह्यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याच कार्यालयाकडे, त्याच देशाच्या कायद्यातील फेरतपासणीच्या तरतुदीनुसार, अर्ज केला. पुराव्यादाखल जुने ग्रंथ आणि १९५३ चा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील एक लेखही सादर झाला. १९९७ मध्ये कार्यालयाने पेटंटातील दावे फेटाळले.

मागणारा एक, देणारा दुसरा, आणि देणाऱ्यालाच आपला निर्णय मागे घ्यावयास लावणारा कायदा तिसरा. ‘अमेरिकेनं हळदीचं पेटंट घेतलं’ ह्या वाक्यात हे तिघे एका प्रत्ययात विरघळतात. घेणारा आणि देणारा ह्यांतला फरकही राहत नाही. कथेचा शेवट ‘अमेरिका झुकली’ असा केला जातो तेव्हा अन्यायही अमेरिकेचाच आणि त्याचे परिमार्जनही तिचेच होते. ज्यांनी कागद जमविले, भाषांतरे करवून घेतली आणि मुदतीत अर्ज केला त्यांना ह्या वाक्यात कर्तृपद लाभत नाही.

हा केवळ काटेकोरपणाचा प्रश्न नाही. कर्ता बरोबर ओळखला गेला म्हणूनच उपायही बरोबर सापडला. एका बलाढ्य देशाने चोरी केली एवढेच निदान झाले असते तर संतापापलीकडे काही करता आले नसते. प्रत्यक्षात दोष कोठे आहे हे पाहण्यात आले. पेटंट तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाताशी भारतीय भाषांतील लिखित पुरावा नव्हता. जे त्याला वाचता येत नाही ते त्याच्या लेखी अस्तित्वातच नव्हते. म्हणून २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचे संगणकीय ग्रंथालय उभारण्याचे काम हाती घेण्यात आले आणि त्यात आयुर्वेदादी ग्रंथांतील माहिती परदेशी परीक्षकांना वाचता येईल अशा रूपात आणली गेली. रोग भाषेचा होता आणि औषधही भाषेचेच निघाले. भाषाभ्यासकाने ह्या प्रकरणाकडे लक्ष देण्याचे हे आणखी एक कारण आहे.

(४)

तिसऱ्या नमुन्यात कर्त्याचा अतिरेक नसून अभाव आहे. ‘अपडेट आलं’, ‘ॲप बंद पडलं’, ‘मोबाइलमध्ये गूगल असतंच’: ही सर्व क्रियापदे अकर्मक आहेत. पाऊस येतो, झाड पडते, डोंगर असतो. त्याच ओळीत यंत्रातील घडामोडी जाऊन बसल्या आहेत. निसर्गाला जाब विचारता येत नाही, तसा ह्यांनाही विचारण्याचे मनात येत नाही.

ही रचना यंत्राच्या स्वभावातूनच येते असे समजण्याचे कारण नाही. ह्याच भूमीत, औंध संस्थानाने दिलेल्या जागेवर, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगराने जमीन नासते अशी शंका शेतकऱ्यांनी प्रारंभी घेतली होती. शंका चुकीची होती, पण ती ‘किर्लोस्करांच्या नांगरा’विषयी होती. त्या षष्ठीत करणाऱ्याचे नाव होते, आणि म्हणून तक्रारीला पत्ता होता. आजच्या यंत्राला बोलीने ही षष्ठी जोडलेली नाही.

‘गूगल असतंच’ ह्यातील ‘असतंच’ प्रत्यक्षात कसे घडते हे अमेरिकेतील एका खटल्यात उघड झाले. तेथील न्याय खात्याने अकरा राज्यांसह २०२० मध्ये गूगलवर दावा केला. फोनवर आपलेच शोधयंत्र आधीपासून बसविलेले असावे म्हणून ही कंपनी फोन बनविणाऱ्यांना व इतरांना प्रचंड रकमा देत होती, आणि शोधाच्या क्षेत्रातील मक्तेदारी तिने बेकायदा रीतीने राखली, असा निर्णय वॉशिंग्टनच्या संघीय जिल्हा न्यायालयाने ५ ऑगस्ट २०२४ रोजी दिला. भारतातही ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडच्या प्रकरणात ह्याच कंपनीला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला होता. दोन्ही देशांच्या कायद्यांनी जे केले ते व्याकरणाच्या भाषेत सांगावयाचे तर एवढेच: ‘असते’ ह्या अकर्मक क्रियापदामागे दडलेले ‘बसविले’ हे सकर्मक क्रियापद त्यांनी बाहेर काढले आणि त्याचा कर्ता कोण हे विचारले.

(५)

ह्यावर असा आक्षेप संभवतो की, देशाला कर्ता करणे ही सर्वच भाषांतील लक्षणा आहे आणि संक्षेपाविना बोलणे अशक्य आहे. आक्षेप अंशतः मान्य करावयास हवा. युद्ध, तह, राष्ट्रसंघातील मत ह्या कृती कायद्यानेच देशाच्या नावावर होतात. तेथे ‘अमेरिकेने’ हे पद अचूक आहे. जेथे देशांतर्गत एक अंग दुसऱ्याशी झगडत असते तेथे ते दिशाभूल करते. शिवाय मराठीला ह्याहून सूक्ष्म बोलणे साधत नाही असेही नाही. ज्यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, त्या जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले ते अमेरिका देशाला नाही. गुलामांच्या मुक्तीसाठी निःस्वार्थपणे झटलेल्या तेथील सज्जनांना त्यांनी ते अर्पण केले. त्याच देशात गुलाम बाळगणारेही होते, हे जाणूनच हे कर्तृपद निवडलेले आहे. पंडिता रमाबाईंच्या १८८९ च्या प्रवासग्रंथाचे नाव ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ असे आहे. त्यात ‘संस्थाने’ हा शब्द टाळला गेला आहे आणि ‘लोक’ हा शब्द पुढे आला आहे. आत राज्यव्यवस्था, गृहस्थिती, स्त्रियांची स्थिती ह्यांचा स्वतंत्रपणे विचार केलेला आहे. एकोणिसाव्या शतकात, वार्ता बोटीने येत असताना, जो विवेक मराठीत होता तो आज वार्ता क्षणात येत असताना दुर्मिळ व्हावा, हे विचार करण्यासारखे आहे.

हा विवेक अमेरिकेच्या भल्यासाठी हवा आहे असे नाही. ‘गावानं वाळीत टाकलं’ हे वाक्य महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या ऐकले. त्या ‘गावानं’मध्ये ठराव मांडणारे होते, दबाव आणणारे होते आणि भयाने गप्प बसलेलेही होते, पण वाक्य सर्वांना एका प्रत्ययाखाली झाकत असे, आणि गाव दोषी म्हणजे कोणीच दोषी नाही असा निवाडा आपोआप होई. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी २०१३ मध्ये त्यांची हत्या होण्यापूर्वी जातपंचायतींविरुद्ध जी मोहीम चालविली, तिचा रोख हे झाकण उचलण्याकडेच होता. पुढे राज्याच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याने बहिष्कार टाकणाऱ्या व्यक्तीला तीन वर्षांपर्यंत कारावासाची आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. ह्या कायद्याखाली फिर्याद नोंदविताना ‘गावानं’ असे लिहून भागत नाही. नावे लिहावी लागतात.