शमन आणि स्तब्धता : अर्भकोपचारातील एका संकल्पनेची चिकित्सा

श्वसनयंत्रावर ठेवलेल्या अत्यवस्थ अर्भकाविषयी ‘बाळ आता शांत आहे’ असे नातेवाइकांस सांगण्यात येते. या एका विधानात तीन भिन्न अवस्था दडलेल्या असतात : वेदना शमली असेल, गुंगी आली असेल, किंवा केवळ हालचाल थांबली असेल. मॉर्फिन व फेन्टानिल ही मुख्यतः वेदनाशामके होत. मिडाझोलाम गुंगी आणते, परंतु वेदना हरत नाही. पॅनक्युरोनियम तर वेदना व शुद्ध या दोहोंना स्पर्श न करता केवळ स्नायू निश्चल करते. बाहेरून पाहणाऱ्यास तिन्ही अर्भके सारखीच दिसतात. या विषयावरील संशोधनाचे मूल्यमापन करताना हा भेद प्रथम ध्यानी घ्यावयास हवा.

नवजात अर्भकास वेदना जाणवत नाही, हा समज वैद्यकात दीर्घकाळ टिकून होता. १९८७ मध्ये डॉ. के. जे. एस. आनंद व त्यांच्या सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांवरील शस्त्रक्रियेत फेन्टानिल दिलेल्या व न दिलेल्या गटांची तुलना केली. न दिलेल्या गटात शरीरावरील ताणाची लक्षणे कितीतरी तीव्र आढळली. तेथून मत पालटले; परंतु ते पालटताना दुसऱ्या टोकास जाण्याचा मोहही निर्माण झाला. वेदना आहे, तर यंत्रावरील प्रत्येक अर्भकास औषध सतत द्यावे, हे अनुमान सहृदय असले तरी सिद्ध नव्हते.

१९९९ मध्ये ६७ अर्भकांवरील प्राथमिक चाचणीत मॉर्फिनचा निष्कर्ष आशादायक, तर मिडाझोलामचा चिंताजनक दिसला. आनंद यांनीच २००४ मध्ये ८९८ अर्भकांवर मॉर्फिनची व्यापक परीक्षा घेतली. वेदनेची लक्षणे काहीशी उतरली. मात्र मृत्यू वा मेंदूतील गंभीर इजा घटली नाही, आणि रक्तदाब उतरण्याचे प्रमाण वाढले. वेदनेचे अस्तित्व ज्याने दाखविले, त्यानेच सरसकट उपायाची मर्यादाही दाखविली, यात विसंगती नाही. हीच शास्त्राची शिस्त होय. तथापि या चाचण्या अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांवरील आहेत. पूर्ण दिवसांच्या वा काही महिन्यांच्या बालकास त्यांचे निष्कर्ष जसेच्या तसे लावणे हीदेखील तीच सरसकट वृत्ती ठरेल.

आपल्याकडे या प्रश्नास जुनी सामाजिक बाजूही आहे. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या स्त्रिया तान्ह्या मुलांस अफूची ‘बाळगोळी’ देत. अर्भकांना अफू देण्याच्या या प्रथेची व कारखान्यांतील पाळणाघरांची चर्चा १९३१ च्या व्हिटले आयोगाच्या अहवालात आहे. गोळी मुलाच्या गरजेपोटी नव्हे, तर सांभाळणारे हात नव्हते म्हणून दिली जाई. अतिदक्षता विभागातील औषधास बाळगोळीच्या पंक्तीस बसविणे अन्यायाचे होईल. परंतु ‘हे शमन कोणासाठी?’ हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच लागू पडतो.

खानदेशात धुळे येथे, तसेच २०१८ पासून जळगाव येथेही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. शिरपूर-साक्रीहून वा चोपडा-यावलहून अर्भक तेथे पोहोचते, तेव्हा त्याची माता पुष्कळदा प्रसूतीच्या ठिकाणीच राहिलेली असू शकते. अशा ठिकाणी परिचारिका अपुऱ्या असल्या, तर औषध हेच मनुष्यबळाची जागा घेऊ लागण्याचा धोका उघड आहे. अर्भक यंत्राशी झगडू लागले की नळी तुंबली आहे काय, प्राणवायू पुरेसा आहे काय, यंत्राची मांडणी चुकली आहे काय, हे आधी पाहावयाचे असते. झगडणे हेच त्याचे एकमेव बोलणे. कारण न शोधता ते थांबविणे म्हणजे साक्षीदाराचे तोंड बंद करणे होय.

यावरून औषध वर्ज्य ठरत नाही. नळी घालताना व वेदनादायक उपचारांच्या वेळी ते न देणे हा अपराधच. प्रश्न आहे तो नित्यनेमाने देण्याचा. चेहऱ्याचे आकुंचन, हृदयगती व रक्तातील प्राणवायू यांवरून वेदनेचे नियमित मोजमाप, अनावश्यक टोचणी टाळणे, मातेचा स्पर्श, आणि मग आवश्यक तेवढी मात्रा, असा हा क्रम आहे. यांतील बहुतेक गोष्टींना महागडी सामग्री लागत नाही. हात मात्र लागतात. म्हणून ‘बाळ शांत आहे’ या नोंदीपुढे ‘कशामुळे’ हा रकाना असल्यावाचून ती नोंद पुरी मानता येत नाही.