नाण्यांची झीज आणि अनुमानाचें बळ

कै. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे १९४० च्या सुमारास लिहिलेले प्राचीन आहत नाण्यांवरील लेख इतिहासाचें साहित्य म्हणून वाचले जातात. आमच्या मतें ते तर्कशास्त्राचाहि उत्तम धडा आहेत.

पाहिलेल्यावरून न पाहिलेलें ठरवावयाचें कसें, हा प्रश्न जुनाच आहे. धूर दिसला कीं अग्नि मानणाऱ्या नैयायिकास चार्वाकानें हेंच विचारलें. मोरवा-भाईंदरकडील खाजणांत मीठ पिकविणाऱ्यांनीं मात्र या वादाच्या निकालाची वाट पाहिली नाहीं. मृग जवळ आला कीं ते मीठ आवरूं लागत. मागचे पावसाळे त्यांना निश्चय देत नव्हते, संभव देत होते. आणि व्यवहारास तेवढा पुरतो.

हा संभव मोजावा कसा? लाप्लासच्या नियमाप्रमाणें, एखादी गोष्ट ओळीनें १० वेळां घडली, तर ११ व्या वेळीं ती घडण्याचा संभव १२ त ११. हिशेब चोख आहे. पण तो केवळ मोजणी जाणतो, गोष्ट कां घडते हें जाणत नाहीं. ही उणीव खुद्द लाप्लासनेंहि ओळखली होती.

कोसंबींचें श्रेय नेमकें येथें आहे. नाणें हातोहात फिरतें तसें झिजतें. अमुक नाणें किती झिजेल, हें सांगतां येत नाहीं. परंतु शेंकडों नाणीं घेतलीं तर, फिरण्याचा काळ वाढतो तशी त्यांच्या वजनाची सरासरी उतरते आणि वजनांतील तफावत वाढते. एकाविषयीं अज्ञान, समुदायाविषयीं ज्ञान, हेंच संभाव्यतागणिताचें मर्म. तें कोसंबींनीं आपल्या काळांतील चलनी नाणीं तोलून पारखलें. केवळ तक्षशिलेच्या जुन्या साठ्यावर ते विसंबले नाहींत.

तथापि एक सावधगिरी हवी. सर्व नाणीं मुळांत एकाच तोलाचीं पाडलीं होतीं, हें गृहीत वजनकांटा सिद्ध करीत नाहीं. पुढील राजानें तोलच उतरविला असेल, तर नवें नाणें जुनें ठरून कालक्रम उलटा होईल. नाण्यांच्या पाठीवरील छाप वाढतात तसें वजन घटतें, ही दुसरी साक्ष कोसंबींनीं जोडली, म्हणूनच त्यांच्या अनुमानास वजन आलें.

तीन रोग्यांस गुण आला कीं औषधाची ग्वाही देणारा तर्क आपल्या घरोघरीं चालतो. दाखल्यांची संख्या अनुमानास बळ देते खरी. पण त्यांमागील कारण तपासल्यावांचून तें बळ फसवें असतें, एवढें जरी या लेखांवरून वाचकानें घेतलें, तरी त्यांचें वाचन सार्थकीं लागेल.