शिलालेख आणि स्मरणिका

कोडोलीकडील माणूस कोल्हापुरास गेला की अंबाबाईच्या देवळावरून जातोच. त्या देवळातील एका घंटेवर, देवदूताने पवित्र मरियेला केलेल्या अभिवादनाचे लॅटिन शब्द कोरलेले आहेत, हे आपल्यातील फार थोड्यांना ठाऊक असते. जुन्या कोल्हापूर गॅझेटियरात तिची नोंद आहे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर तेथील एखाद्या चर्चमधून ती इकडे आली असावी, असा त्यातील तर्क आहे.

या घंटेची आठवण आम्हांस झाली ती स्मरणिका वाचताना. रौप्य, सुवर्ण, शतक, कोणताही महोत्सव असो, ख्रिस्तमंदिराचा इतिहास एकाच साच्यातून निघतो. पायाभरणी कोणी केली, आशीर्वादविधीस कोण महागुरू आले, धर्मगुरूंची नामावली, मग कौले काढून पत्रे आणि पत्रे काढून स्लॅब. (स्लॅब गळू लागल्याचा उल्लेख मात्र कधी येत नाही!) हे लेखन खोटे नसते, ते अपुरे असते, आणि या अपुरेपणाची परंपरा जुनी आहे.

वसईच्या किल्ल्यातील संत जोसेफचे मंदिर पाहावे. मूळ मंदिर सोळाव्या शतकातले. १६०१ मध्ये त्याचा जीर्णोद्धार झाला, तेव्हा आर्चबिशप आलेशो द मेनेझिस होते आणि प्रमुख धर्मगुरू पेद्रू गाल्वांव पेरैरा, असे तेथील शिलालेख सांगतो. आतील थडग्यावरचा लेख गाल्वांव यांनी हे मंदिर वाढविले, दुरुस्त केले, असे सांगतो. १६१८ मध्ये गोव्यात त्यांना मरण आले. दगड घडविणाऱ्या वसईच्या पाथरवटाचे, चुना मळणाऱ्या बाईचे नाव त्या लेखांत नाही. आमच्या मते हीच आपली पहिली स्मरणिका. पुढच्या सर्वांनी तिचाच कित्ता गिरविला.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. घंटा गेल्या, हे आपण हळहळून लिहितो. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटेवर १७२१ हे साल आहे. तीही पोर्तुगीज ओतकामाची. पण त्याच इतिहासात बोरिवलीजवळील मंडपेश्वराचे पान आपण उलटून टाकतो. ती शिवाची लेणी होती. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्कन धर्मगुरू आंतोनियु दु पोर्तु यांच्या काळात तिचे प्रार्थनामंदिर झाले, आणि कोरीव मूर्ती भिंतीआड गेल्या. एकाची घंटा गेली हा इतिहास, आणि दुसऱ्याचा देव झाकला गेला ही तळटीप, असे म्हणणारा लेखक श्रद्धावान असेल, इतिहासकार नव्हे. आम्हीही धर्मगुरूच आहोत. हे लिहिताना आमचे मन अवघडते, पण अवघडले म्हणून वगळावे असे ते नाही.

कोडोलीच्या संदर्भात आणखी एक अडचण आहे. या भागातील ख्रिस्ती जीवनाचा पाया कॅथलिकांनी नव्हे, अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने घातला. रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरास आले. १८७० मध्ये त्यांचे कार्य प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेले. कोडोलीतील ख्रिस्ती रुग्णालय त्याच मिशनचे. प्रॉटेस्टंट बांधवांच्या या मंदिराचा आणि दवाखान्याचा इतिहास आपल्या स्मरणिकांत दोन ओळींतही येत नाही, जणू आपण येथे मोकळ्या माळावर उतरलो. त्यांच्याकडील लेखनही याच रोगातून सुटलेले नाही. तेथेही मिशनऱ्यांची चरित्रे मोठी, आणि गावकुसाबाहेरील ज्या घराण्यांनी पाण्यावरचा बहिष्कार सोसून बाप्तिस्मा घेतला, ती निनावी राहिली.

म्हणून पुढील महोत्सवाच्या संपादक मंडळास आमची एक विनंती आहे. धर्मगुरूंच्या छायाचित्रांची चार पाने कमी करावीत. बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या उघडाव्यात. त्यांत आईबापांची, गावांची नावे आहेत. आणि कोणी वृद्ध गवंडी हयात असेल, तर वेदीमागची भिंत कोणी बांधली, ते त्याला आधी विचारावे.