ठेका यंत्राचा, वाद्यवृंद माणसांचा

इलेक्ट्रॉनिक संगीताचा वाद्यवृंदासह रंगमंचावर झालेला प्रयोग आणि त्यावरून निघालेला अल्बम हा प्रकार पाश्चात्त्य संगीतव्यवहारात आता चांगलाच रुळला आहे. पुढे ड्रम मशीन, सिंथेसायझर किंवा लॅपटॉप घेतलेला कलावंत, मागे सिंफनी ऑर्केस्ट्रा आणि दोघांच्या मध्ये कानात हेडफोन लावलेला कंडक्टर, अशी त्याची नेहमीची मांडणी असते. गेल्या वीस वर्षांत अशा प्रयोगांनी मोठमोठी सभागृहे भरली; पुन्हा पुन्हा ऐकावे असे मात्र त्यातून थोडेच हाती लागले. बहुतेक ठिकाणी वाद्यवृंद येतो तो यंत्रसंगीताला भारदस्तपणा देण्यासाठी. लय कोणी सांभाळायची, हा या प्रकारातला खरा अवघड प्रश्न परस्पर यंत्राच्या बाजूने निकालात काढला जातो.

या प्रश्नाची सुरुवात नृत्यसंगीताच्या कितीतरी आधीची आहे. 2 डिसेंबर 1954 रोजी पॅरिसच्या तेआत्र दे शांझेलिझे या नाट्यगृहात एडगार व्हारेझची ‘देझेर’ ही रचना प्रथम सादर झाली. हर्मान शेर्खेन कंडक्टर होते. सुषिर वाद्ये, पियानो आणि तालवाद्ये यांच्या वादनात तीन ठिकाणी ध्वनिफितीवरचे, कारखान्यांतल्या आवाजांतून घडवलेले भाग येत होते. कार्यक्रमात मोझार्ट आणि चायकोव्हस्की यांच्या मध्ये ही रचना बसवली होती, आणि श्रोत्यांनी असा गोंधळ घातला की तोही फ्रेंच नभोवाणीच्या थेट प्रक्षेपणातून घरोघर पोहोचला. व्हारेझने फीत आणि वादक यांना एकत्र वाजवलेच नाही, ते आळीपाळीने येतात, ही यातली महत्त्वाची गोष्ट. म्हणजे लयीचे भांडण उद्भवण्याआधीच त्याने दोघांना वेगळे काढले होते. पुढे श्टॉकहाउझेनने ‘मिक्स्टुर’मध्ये (1964) वाद्यवृंदाचा चालू आवाजच यंत्रातून पालटून ऐकवला. पियेर बुलेझने ‘रेपाँ’मध्ये (1981) मधोमध चोवीस वादक, त्यांच्याभोवती श्रोते आणि सर्वांत बाहेर सहा एकलवादक अशी रचना केली, त्या सहांचे सूर संगणक त्याच क्षणी टिपून, बदलून सभागृहात फिरवत असे. इथे यंत्र वादकामागून चालते. वादकाने वाजवले नाही, तर त्यालाही काही म्हणायचे नसते.

टेक्नो आणि हाउस या नृत्यसंगीताच्या वाटेने आलेल्यांच्या हाती हे उलटे झाले. त्याआधी झाँ-मिशेल जारने 1981 मध्ये बीजिंग आणि शांघायला केलेल्या मैफलींत चिनी वादकांसह एक पारंपरिक धून सादर केली होती आणि ती पुढच्या वर्षीच्या ‘द कॉन्सर्ट्स इन चायना’ या अल्बममध्येही आहे. पण तो मुख्य कार्यक्रमाला जोडलेला देखणा तुकडा होता. संपूर्ण अल्बम यंत्र आणि वाद्यवृंद यांनी मिळून उभा करण्याचा गाजलेला प्रयत्न म्हणजे जेफ मिल्सचा ‘ब्लू पोटेन्शियल’.

मिल्स डेट्रॉइटचा. ‘अंडरग्राउंड रेझिस्टन्स’ या गटाच्या संस्थापकांपैकी एक, आणि रोलँड कंपनीचे टीआर-909 हे ड्रम मशीन वाद्यासारखे हाताने वाजवण्यासाठी ख्यात. 2 जुलै 2005 रोजी दक्षिण फ्रान्समधल्या पाँ दु गार या रोमन जलवाहिनीच्या कमानींजवळ, उघड्यावर, माँपेलियेच्या राष्ट्रीय वाद्यवृंदासह त्याचा कार्यक्रम झाला. संयोजन तोमा रूसेलचे, कंडक्टर अलँ अल्तिनोग्लू. त्याचे ध्वनिमुद्रण आणि चित्रफीत 2006 मध्ये बाजारात आली.

रूसेलपुढचे काम सोपे नव्हते. मिल्सचे संगीत कागदावर कधीच नव्हते. त्यात चाल अशी जवळपास नसते, असते ती एखादी छोटी स्वराकृती. ती दहा मिनिटे फिरत राहते आणि श्रोत्याला पुढे नेते ती तिच्या नादाची घडण. यंत्रावरचे फिल्टर उघडले की तोच आवाज अंधुकाचा लखलखीत होतो. व्हायोलिनवादकाकडे असे बटण नाही. गज घोडीजवळ आणणे, घोडीवर नाद दाबणारी पट्टी चढवणे, दुसऱ्या वाद्याची जोड देणे अशा बारीक उपायांनीच त्याला नाद पालटावा लागतो. रूसेल हे उपाय काही ठिकाणी वापरतो, पण बरेचदा सोपी वाट धरून तंतुवाद्यांचा रुंद पट पसरतो, वर ब्रासचा घोष चढवतो आणि मग टेक्नोऐवजी एखाद्या अंतराळपटाचे पार्श्वसंगीत ऐकू येते. मिल्सची ‘द बेल्स’ ही रचना मात्र जमते. तिची घंटेसारखी स्वराकृती मुळातच वाद्यावर वाजवता येण्याजोगी आहे. वादकांना काही नक्कल करावी लागत नाही, आणि श्रोत्यांचा जल्लोष त्या क्षणी खरा वाटतो.

लयीची अडचण आकड्यांत मांडता येते. मिनिटाला 130 ठोक्यांच्या गतीत एक ठोका सुमारे 0.46 सेकंदांचा आणि त्याचा चौथा भाग 0.115 सेकंदांचा असतो. रंगमंचावर वीस मीटर मागे बसलेल्या वादकाचा आवाज पुढे यायलाच जवळपास 0.06 सेकंद लागतात, म्हणजे त्या चौथ्या भागाचा अर्धा वेळ वाटेतच जातो. शिवाय गजाने काढलेला सूर उमलतो, ड्रम मशीनचा ठोका मात्र तत्क्षणी पडतो. एरवी कंडक्टर हा फरक हाताच्या इशाऱ्याने सांभाळतो, किंचित रेंगाळतो, किंचित ओढतो. इथे त्याच्या कानात यंत्राच्या गतीने क्लिक ट्रॅक टिकटिकत असल्याने ती मुभा उरत नाही. रियाजाला इलेक्ट्रॉनिक तबला लावणाऱ्या कोणाही गायकाला हे कळेल: तो समेला वाट पाहत नाही, आणि लय वाढवायची तर हात पुढे करून बटणच फिरवावे लागते. भर म्हणून स्पीकरमधून येणारा ड्रमचा दणका व्हायोलिनच्या मायक्रोफोनमध्ये शिरतो. मग मायक्रोफोन वाद्याला अगदी चिकटवावे लागतात आणि सभागृहात मिसळून येणारा वाद्यवृंदाचा एकसंध नाद ध्वनिमुद्रणात सुटा, कोरडा होऊन बसतो. थेट म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच अल्बमचा आवाज स्टुडिओतल्यासारखा लागतो त्याचे कारण हेच.

डेट्रॉइटच्याच कार्ल क्रेगने वेगळी युक्ती केली. 2008 मध्ये पॅरिसच्या सिते द ला म्युझिकमध्ये फ्रान्स्वा-झाव्हिए रोत यांच्या ‘ले सिएक्ल’ या वाद्यवृंदासह झालेल्या त्याच्या कार्यक्रमात फ्रान्चेस्को त्रिस्तानो हा पियानोवादक मध्ये होता. पियानोला सूर आहे आणि ठोकाही. त्यामुळे यंत्राची टोकदार आकृती तो उचलतो आणि तंतुवाद्यांच्या हाती देतो. ‘व्हर्सस’ हा अल्बम 2017 मध्ये, तब्बल नऊ वर्षांनी आला. त्यात झगमगाट कमी आहे, काही जागी संथपणा कंटाळवाणाही होतो, पण वादक निव्वळ शोभेला बसलेले नाहीत.

बाजारात चालले ते मात्र तिसरेच. 29 जुलै 2015 रोजी बीबीसी प्रॉम्समध्ये, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, डीजे पीट टाँग आणि ज्यूल्स बकली यांच्या हेरिटेज ऑर्केस्ट्राने इबिझाच्या क्लबांतली गाजलेली गाणी वाजवली. त्यातून पुढे आलेला ‘क्लासिक हाउस’ हा अल्बम (2016) ब्रिटनच्या विक्रीयादीत पहिला आला. मँचेस्टरच्या हासिएंडा क्लबची गाणीही अशीच वाद्यवृंदावर फिरू लागली. प्रेक्षक आता पन्नाशीकडे झुकलेला, तिकीट परवडणारा आणि सगळी गाणी पाठ असलेला. संयोजनाचे काम त्याची आठवण शाबूत ठेवणे एवढेच. डेरिक मेच्या ‘स्ट्रिंग्ज ऑफ लाइफ’चे (1987) उदाहरण बोलके आहे. अशा कार्यक्रमांना सोयीच्या या रचनेतली तंतुवाद्ये कीबोर्डमधली आहेत. ती तुटक, कडक वाजतात आणि त्या कडकपणातच तिची ऊर्जा आहे. खऱ्या व्हायोलिनींनी तीच आकृती वाजवली की ती गोड होते, आणि गोड झाली की सपाट होते.

नवे लिहून घेणाऱ्यांचे निकाल अधिक बरे आहेत. अल्वा नोटो आणि र्‍युइची साकामोतो या संगीतकारांनी जर्मनीतल्या मानहाइम शहराच्या 400 व्या वर्धापनानिमित्त ‘यूटीपी’ ही रचना आँसाम्ब्ल मोडेर्न या वादकसमूहासह केली. तिथे यंत्राचे बारीक चर्र-चर्र आणि चेलोचा दीर्घ सूर एकमेकांना आक्रमू पाहत नाहीत. अमेरिकेत मेसन बेट्स लॅपटॉप घेऊन तालवादकांच्या रांगेत बसतो आणि कंडक्टरकडे पाहून आवाज सोडतो. सॅन फ्रान्सिस्को सिंफनीने मायकल टिल्सन थॉमस यांच्या संचालनाखाली 2016 मध्ये काढलेल्या त्याच्या रचनांच्या अल्बममध्ये यंत्र वाद्यवृंदातले आणखी एक वाद्य होऊन वागते. बेट्सचे हार्मनीचे घाट कधीकधी फार प्रसन्न, जाहिरातीला शोभणारे असतात, हा दोष वेगळा. खुद्द मिल्सनेही जुन्या रचनांची पुनरावृत्ती सोडून ‘प्लॅनेट्स’ (2017) पोर्तूच्या सिंफनी वाद्यवृंदासाठी मुळापासून रचली. ‘ब्लू पोटेन्शियल’मधला उन्माद तिच्यात नाही, पण ब्रासला काय द्यायचे हे त्याला बारा वर्षांत उमगलेले दिसते.

इलेक्ट्रॉनिक संगीतकार फ्लोटिंग पॉइंट्स, सॅक्सोफोनवादक फेरो सँडर्स आणि लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा यांचा ‘प्रॉमिसेस’ (2021) हा या मंडळींतला सर्वांत वाखाणला गेलेला अल्बम. तो स्टुडिओतला; सँडर्स यांच्या निधनानंतर 2023 मध्ये हॉलिवुड बोलमध्ये तो रंगमंचावर आला, सॅक्सोफोनवर शबाका हचिंग्ज होता. सुमारे 46 मिनिटांच्या या संगीतात एक छोटी स्वराकृती सतत परतते आणि ड्रम कुठेच नाही. त्यामुळे वादक श्वास घेतात, रेंगाळतात, यंत्र त्यांना घाई करत नाही. समीक्षकांनी या प्रकाराची सिद्धी म्हणून त्याचा गौरव केला तो रास्तच आहे, मात्र मिल्सने पाँ दु गारला हाती घेतलेला प्रश्न इथे सुटलेला नाही. ठोकाच नसल्यामुळे तो इथे पडतच नाही.