जँगो प्रकल्पातील टेम्प्लेट फाइलींची मांडणी : एक चिकित्सा

जँगोची रूढ मांडणी पहिल्यांदा पाहणाऱ्याला विचित्र वाटते. 'ग्रंथालय' ॲपमध्ये 'टेम्प्लेट्स' फोल्डर, त्यात पुन्हा 'ग्रंथालय' फोल्डर आणि त्यात 'यादी.एचटीएमएल'. एकच नाव दोनदा कशाला, म्हणून अनेक विद्यार्थी आतला फोल्डर गाळतात. ॲप एकच असेपर्यंत काही बिघडत नाही.

आता समजा, गटातील दुसऱ्याने 'वसतिगृह' ॲप लिहिले आणि त्यातही 'यादी.एचटीएमएल' आहे. जँगो आधी 'डिर्स' सेटिंगमधील फोल्डर पाहतो. त्यानंतर, 'ॲप_डिर्स' चालू असल्यास, 'इन्स्टॉल्ड_ॲप्स'मधील क्रमाने प्रत्येक ॲपचा 'टेम्प्लेट्स' फोल्डर पाहतो. नाव जुळले की शोध थांबतो. व्ह्यू कोणत्या ॲपमधला आहे हे विचारात घेतले जात नाही. ग्रंथालय यादीत आधी असेल, तर वसतिगृहाच्या पत्त्यावर ग्रंथालयाचे पान उघडते. त्रुटीचा संदेशही येत नाही, कारण टेम्प्लेटमध्ये न सापडलेल्या व्हेरिएबलच्या जागी मुळात रिकामी जागाच छापली जाते. विद्यार्थी मग डेटाबेसची क्वेरी तपासत बसतो. दोष तिथे नसतोच.

नियमच चुकीचा म्हणावा, तर तसेही नाही. 'डिर्स'मधील फोल्डरात आपली 'ॲडमिन/बेस_साइट.एचटीएमएल' ठेवून ॲडमिनचे शीर्षक बदलता येते, ते याच क्रमामुळे. उणीव वेगळी आहे. 'लिस्टव्ह्यू' टेम्प्लेटचे नाव आपणहून 'ॲपचे नाव/मॉडेल_लिस्ट' असे धरतो, म्हणजे दुहेरी नावाची शिस्त जँगोला अपेक्षित आहे. पण 'स्टार्टॲप' आज्ञा तो फोल्डर तयार करून देत नाही. शिस्त गृहीत धरायची आणि ती लावायचे काम नवशिक्यावर सोडायचे, हे मला पटत नाही.

सर्व टेम्प्लेट प्रकल्पाच्या एकाच फोल्डरात ठेवणे हा दुसरा पर्याय. शोधायला तो सोपा, पण ॲप दुसऱ्या प्रकल्पात नेताना पाने मागे राहतात. म्हणून माझ्या मते सामायिक 'बेस' आणि ४०४चे पान प्रकल्पाच्या फोल्डरात, तर प्रत्येक ॲपची पाने त्या ॲपच्या नावाच्या फोल्डरात असावीत. प्रकल्पाचा फोल्डर 'डिर्स'मध्ये स्वतः नोंदवावा लागतो. नव्या प्रकल्पात ती यादी रिकामी असते.

शंका आली तर शेलमध्ये 'गेट_टेम्प्लेट'ने टेम्प्लेट मिळवून त्याचे 'ओरिजिन' पाहा. नेमकी कोणती फाइल उचलली गेली, ते लगेच कळते. क्वेरीला हात लावण्यापूर्वी एवढे तपासावे.