ऊ नेमका कोणाचा?

शिरूर-दौंड हा उसाचा पट्टा. इथल्या पोराला ऊस ओळखायला चित्र लागत नाही. म्हणूनच अंकलिपीतली ‘ऊ उसाचा’ ही सर्वांना पाठ असलेली ओळ मला खटकते. शिकवायचा असतो दीर्घ ऊ. पण मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांप्रमाणे ‘उसाचा’ लिहिताना पहिलं अक्षर ऱ्हस्वच येतं. काही अंकलिप्या सरळ ‘ऊसाचा’ छापतात. अक्षर सांभाळायला शब्द चुकवतात.

दोष मुळाक्षरांचा नाही, ती सुटी पाडून घोकण्याचा आहे. ‘ऊस’ म्हणताना शेवटच्या ‘स’मधला अ गळतो, आधीचा ऊ लांबतो. प्रत्यय लागला, की ‘स’चा ‘सा’ होतो आणि ऊ आखडतो. मूल-मुलाला, फूल-फुलाला यांचीही तीच चाल. ‘दौंड’मधला अनुस्वारही पुढच्या ‘ड’मुळेच ण् होतो. हे सगळं मुलाच्या जिभेवर शाळेआधीच असतं. पुस्तकानं फक्त त्याकडे कान वळवायचे.

ऊसतोड मजुरांची मुलं हंगामागणिक शाळा बदलतात. त्यांची बाराखडी अर्धी राहते. शब्द फोडायची रीत मात्र सोबत जाते. म्हणून चित्राखाली आधी ‘ऊस’ छापा, शेजारी ‘उसाचा’, आणि दोन्ही मोठ्यानं म्हणायला लावा.