आरसिंकची सात अक्षरं

एका सर्व्हरवरचा डेटा दुसऱ्यावर न्यायचा म्हटलं की बोटं आपसूक 'आरसिंक' लिहितात आणि त्यापुढे एक आडवी रेघ व स्मॉल ए. हा ए एकटा नाही. माहितीपुस्तिकेत त्याची फोड दिली आहे: आर, एल, पी, टी, जी, ओ आणि कॅपिटल डी. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये हे साधन जगापुढे आणलं, आणि त्याची कीर्ती झाली ती दुसऱ्याच गुणामुळे. फाइलचा बदललेला तेवढाच भाग ते तारेवरून पाठवतं. मला मात्र ही सात अक्षरं अधिक मोलाची वाटतात. फाइल म्हणजे केवळ तिच्यातला मजकूर नव्हे, ही समज त्यांत मुरलेली आहे. म्हणून ती कवितेसारखी अक्षराअक्षरावर थांबून वाचावी.

वाचनासाठी एक प्रसंग डोळ्यांपुढे ठेवू. भूम तालुका दुधाचा आणि खव्याचा. समजा इथल्या एखाद्या दूध संकलन केंद्रावरचा जुना सर्व्हर बदलायचा आहे. त्यावर उत्पादकांची नोंदवही आहे: कोणी किती लिटर घातलं, फॅट किती, एसएनएफ किती, दहा दिवसांचा पगार कुठल्या बँक खात्यात जमा करायचा. फाइलची परवानगी आहे ६६०. पहिला आकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा उरलेल्या सगळ्यांचा; वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. म्हणजे हिशेबनीस वाचतो-लिहितो, संकलनाच्या गटातली माणसंही वाचतात-लिहितात, बाकी कुणालाही फाइल उघडत नाही. युनिक्सच्या १९७१ च्या पहिल्या माहितीपुस्तिकेत मालक आणि इतर एवढे दोनच वर्ग होते, गट मागाहून आला. तिन्हींत मला तो मधला आकडाच सगळ्यांत शहाणा वाटतो. गावच्या संस्थेचं काम एकट्या मालकावर भागत नाही आणि ते चव्हाट्यावरही मांडता येत नाही. या दोहोंमधली जागा तो राखतो.

हीच फाइल परवानगी राखणारा पी गाळून नेली तर? नव्या फाइलीच्या परवानगीतून कोणते हक्क वगळायचे ते ठरवणारा यूमास्क नव्या सर्व्हरवर पुष्कळदा ०२२ असतो आणि तो गटाचा लिहिण्याचा हक्क कापतो. ६६० चे ६४० होतात. संध्याकाळचं दूध आलं, कॅनची रांग लागली आणि काट्यावरच्या माणसाला नोंद करता येईना. हा बिघाड निदान लगेच कळतो. पेनड्राइव्हने नेली तर उलटं घडतं. पेनड्राइव्हवर सहसा एफएटी ३२ किंवा एक्सफॅट असतं आणि त्या मांडणीत मालक, गट, परवानगी लिहून ठेवायला जागाच नसते. लिनक्स मग तिथल्या सगळ्या फाइलींना एकच सरसकट परवानगी दाखवतो, पुष्कळदा ७५५. तशीच ती नव्या सर्व्हरवर उतरली की ज्याला तिथे लॉगिन आहे त्या कुणालाही खाते नंबर वाचता येतात. तक्रार कोणी करत नाही, कारण काम कुणाचंच अडलेलं नसतं. एखाद्याचा हक्क जाण्यापेक्षा नको त्याला हक्क मिळणं जास्त घातक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांना पेनड्राइव्हशिवाय गत्यंतर नाही त्यांनी आधी टारचं गाठोडं बांधावं. टार मालक आणि परवानग्या आपल्या पोटात लिहून घेतो आणि रूट म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता म्हणून सोडला की त्या जशाच्या तशा उतरतात.

आता अक्षरांकडे. आर फोल्डरच्या आत आत शिरतो, एल दुव्याला दुवा म्हणूनच नेतो, शेवटचा डी उपकरणांच्या खास फाइली पाहतो. आपल्या नोंदवहीला त्याची गरज नाही. टी वेळ राखतो, फाइल शेवटची कधी बदलली ती. आरसिंक एरवी आकार आणि वेळ पाहूनच फाइल बदलली की नाही ते ठरवतो. त्यामुळे टी नसेल तर पुढच्या खेपेला सगळ्याच फाइली त्याला बदललेल्या वाटतात.

खरा रस पी, जी आणि ओ या तिघांत आहे. एका ओळीत बसलेली ही अक्षरं एका तोलाची नाहीत. स्वतःच्या फाइलची परवानगी कोणीही ठरवू शकतो, म्हणून पी सामान्य वापरकर्त्यालाही साधतो. जी त्याला साधतो तो फक्त तो स्वतः ज्या गटांत आहे तेवढ्यापुरता. आणि ओ, म्हणजे मालकी, लिनक्सवर एकट्या रूटच्या हाती. कुणीही उठून आपली फाइल दुसऱ्याच्या नावावर चढवू शकला, तर त्या फाइलचा बोजा आणि तिची जबाबदारीही दुसऱ्यावर जाईल. ते होऊ नये म्हणून हा बंदोबस्त. जेवढं मोठं काही दुसऱ्याच्या नावावर करायचं, तेवढा वरचा अधिकार लागतो. ही चढण मला अतिशय सुंदर वाटते. दोष एकच, आणि तो गंभीर आहे: रूट नसताना हीच आज्ञा दिली तर ओ मुकाट बाजूला होतो. चूक दाखवली जात नाही, सगळ्या फाइली नेणाऱ्याच्या नावावर होतात आणि काम नीट झाल्यासारखं दिसतं. इथे एक ओळीची सूचना तरी यायला हवी होती.

पुढे नाव आणि आकडा यांचा प्रश्न येतो. भूम ज्यात येतं त्या उस्मानाबाद जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये धाराशिव झालं, गाड्यांवरचं एमएच २५ मात्र तेच राहिलं. डिस्कवरही मालकाचं नाव नसतं, आकडा असतो. नाव वेगळ्या यादीतून येतं. आरसिंक आधी नाव जुळवून पाहतो. हिशेबनिसाचं नाव नव्या सर्व्हरवर असेल तर तिथला त्याचा आकडा लावतो, नसेल तर जुनाच आकडा तसाच ठेवतो. तो आकडा, समजा १००३, तिथे कालच आलेल्या भलत्याच माणसाचा असेल तर नोंदवही त्याच्या मालकीची झाली. म्हणून आधी वापरकर्ते आणि गट तयार करावेत आणि मगच डेटा हलवावा. अख्खी यंत्रणाच उचलून न्यायची असेल तेव्हा नावं न पाहता आकडेच ठेवायला सांगणारा 'न्यूमेरिक आयडीज' हा पर्याय योग्य.

या ओळीत काय नाही, तेही वाचायला हवं. हार्ड लिंक राखणारा कॅपिटल एच, वेगळ्या मुभांची यादी राखणारा कॅपिटल ए आणि फाइलीचे जादा गुणधर्म राखणारा कॅपिटल एक्स तिच्यात नाहीत. ६६० च्या पलीकडे जाऊन एखाद्या लेखापरीक्षकाला केवळ वाचण्याची वेगळी मुभा दिलेली असेल, तर ती कॅपिटल ए शिवाय मागेच राहते.

मजकुराबरोबर हक्कही जसेच्या तसे नेण्याचा हा प्रश्न भूमच्या शिवारात जमिनीच्या नोंदींपुढेही आला होता. हस्तलिखित सातबारा संगणकावर उतरवताना गट नंबर, क्षेत्र, नाव हा मजकूर होता. भोगवटादार वर्ग आणि इतर हक्कांचा रकाना ही परवानगी होती. वर्ग २ ची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. उतरवताना २ चा १ झाला तर एका आकड्यात ते बंधन नाहीसं होतं, आणि कुळाची नोंद गळली तर एखाद्या घराचा आधार जातो. म्हणून तर २०१७ मध्ये गावोगाव संगणकीकृत सातबाऱ्यांचं चावडी वाचन झालं, आणि लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी जमीन महसूल संहितेचं कलम १५५ आहे.

आरसिंकमध्ये या चावडी वाचनाचीही सोय आहे. नक्कल झाल्यावर तीच आज्ञा रूट म्हणूनच पुन्हा द्यायची, फक्त त्यात एन आणि आय ही दोन अक्षरं वाढवायची. एन म्हणजे काही बदलू नकोस, आय म्हणजे कुठे काय वेगळं आहे ते सांग. मग ज्या फाइलीत फरक आहे तिच्यापुढे अकरा खुणांची एक पट्टी येते. पट्टीच्या सुरुवातीला टिंब आणि पुढे कुठेतरी एकटा पी दिसला, तर मजकूर पुन्हा पाठवायची गरज नाही, परवानगी तेवढी वेगळी आहे. पीच्या जागी ओ दिसला तर मालक चुकला, जी दिसला तर गट. पट्ट्या येतच राहिल्या तर नवा सर्व्हर सुरू करू नये. एकही पट्टी आली नाही की मगच जुना बंद करावा.